पट्टीबाहेरची खुर्ची

बायको नाटकात नायिका, मी सेट लावणारा. थिएटर कुठलंही असो, तिची खुर्ची मी जमिनीवर चिकटवलेल्या पांढऱ्या पट्टीवरच ठेवतो. पण प्रयोग संपून सामान काढायला जावं, तर खुर्ची वीतभर नायकाकडे सरकलेली. एकदा झालं, सोडून दिलं. पाचव्यांदा तेच झालं, तेव्हा मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला.

"खुर्ची कशी सरकते गं?" सोफा उचलता उचलता विचारलं.

"उठताबसता सरकत असेल," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

पुढच्या प्रयोगाला मी सेटच्या खोट्या खिडकीमागे दबा धरून बसलो. नायक बोलता बोलता थांबला. हिने लगेच खुर्ची ओढली, त्याच्या कानाशी वाकली आणि काहीतरी पुटपुटली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कान दिला, तर ते त्याचंच पुढचं वाक्य होतं.

त्याने ते म्हटलं आणि टाळी घेतली. पंचवीस वर्षं रंगमंच गाजवलेला माणूस. हिने घरीसुद्धा अवाक्षर काढलं नव्हतं.

त्यानंतरच्या प्रयोगाला सेट लावताना मी पट्टीच वीतभर सरकवून चिकटवली.