पायाला कोंबडं

किल्लारीचा भूकंप नुकताच झालेला. आमच्या चर्चचा पाया खांदलेला, पन जोतीराम मिस्त्री अडून बसले. "कोंबडं कापल्याबिगर दगड बसवणार न्हाय. पाया रगत मागतो." इंदापूरचे पाळक म्हनले, "मिस्त्री, आमचा पाया येशू हाय. त्याचं रगत सांडून झालंय." "भिंतीखाली मानसं मेली म्हंजी?" मिस्त्री म्हनले. आईसुदीक पुटपुटली, "कापू द्या की एक." माझं टकुरं फिरलं. मी खड्ड्यात उडी टाकून पहिला दगड वढला. दगड निसटला, बोट चेंगरलं, दगड रगतानं भरला. मिस्त्री खूश. "झालं की! पोरीनंच दिलं. बसवतो आता." सगळ्यांच्या जिवात जीव आला. "माझ्या रगतावर चर्च उभं करताय व्हय?" मी वरडले. घागर वतली, वढणीनं घासघासून दगड धुतला. मिस्त्री थापी टाकून उठले. आईनं भीतभीत खाली उतरून दगडाचं दुसरं टोक धरलं.