क्यूर नदीच्या काठानं

दिवा गेला आणि लिफ्ट एक हिसका देऊन बेसमेंट आणि तळमजल्याच्या मध्येच थांबली. जीननं सगळी बटणं दाबून पाहिली. धोक्याची घंटासुद्धा वाजेना.

आखातातल्या देऱ्यात सकाळपासून न भूतो असा पाऊस कोसळत होता. गाडी वर काढावी म्हणून ती खाली गेली होती आणि बेसमेंटच्या खोलगट टोकाला, गाडीपाशी, गुडघाभर पाणी बघून तशीच मागे फिरली होती. जिना चढून यायला हवं होतं, हे तिला आता कळत होतं.

तिनं दार बडवलं. बऱ्याच वेळानं वरून वॉचमन युसुफचा आवाज आला.

"मॅडम, लिफ्टवाले को फोन किया है. रोड पे पानी है, बोलता है टाइम लगेगा."

"कितना टाइम?"

"जल्दी आएगा, इन्शाल्ला. मैं आदमी लेके आता हूँ."

त्याची पावलं दूर गेली. जीनला लहानपणापासून बंद जागेची धास्ती. मेट्रोतसुद्धा ती दाराशीच उभी राहायची. मोबाइलवर नेटवर्कची एकच रेघ होती. तिनं विलीला फोन लावला.

तिचा नवरा विली फ्रान्समध्ये होता. हॉटेलातली बँक्वेटची नोकरी सांभाळून तो कित्येक वर्षं सुट्टीच्या पहाटे वाळवंटात सायकल चालवायचा. या वेळी निनाद आणि आणखी दोघा मित्रांबरोबर तो मोर्व्हानच्या जंगलात गेला होता. तिथले खडीचे रस्ते, नद्यांची खोरी, सगळं त्यानं महिनोन् महिने नकाशावर बघून ठेवलं होतं. निघताना भांडण झालं होतं. "जा तू मोकळा हिंडायला," ती म्हणाली होती. "मी आहेच इथे कोंडलेली."

रिंग खूप वेळ वाजली.

"जीन." त्याचा आवाज खोल गेलेला होता.

"विली, मी लिफ्टमध्ये अडकलेय. लाईट नाही. खाली पाणी भरतंय."

पलीकडे फक्त वाहत्या पाण्याचा आवाज.

"एकटी आहेस?"

"हो."

पुन्हा तो थांबला. मग म्हणाला, "बरं. खाली बस. पाठ टेकव. मी आहे."

"ठेवू नकोस हं. ठेवलास तर परत लागायचा नाही."

"नाही ठेवत."

"कुठे आहेस तू?"

"जंगलात. क्यूर नदीच्या काठाला. जरा टेकलोय."

"तुझं बरं आहे," ती म्हणाली. शब्द कडू निघाले आणि तिनं ते तसेच राहू दिले.

"हो," विली म्हणाला.

"काहीतरी सांग मला. डोळ्यापुढे हा पत्रा नको."

तो सांगू लागला. रस्ता पांढऱ्या खडीचा आहे, टायरखाली करकरतो. दोन्ही बाजूंना ओक, पालवी आत्ताच फुटलीय. कडेला तोडलेल्या ओंडक्यांच्या राशी, त्यांचा ओला वास. मग वाट नदीकडे उतरते. दोन कमानींचा जुना दगडी पूल. पलीकडे पांढऱ्या गाई. त्यातली एक कधीची त्याच्याकडेच बघतेय.

जीननं डोळे मिटले. तो एकेक वाक्य सावकाश बोलत होता, मध्ये दम घेत होता.

"निघालास वाटतं. चढ आहे?"

"हं. मोठा आहे."

फोनमध्ये टूंटूं असा आवाज आला.

"कुणाचा तरी फोन येतोय तुला."

"निनाद असेल. पुढे गेलेत ते सगळे. थांबेल तो."

"आता कुठे पोचलास?"

"अजून नदीच आहे."

तेवढ्यात तिच्या तळव्यांना गार लागलं. लिफ्टच्या फटीतून पाणी आत येत होतं.

"विली, पाणी आलं."

"उठ. वरची दांडी धर. माझ्याबरोबर श्वास घे. आत. आता सोड."

काळोखात ती त्याच्या आवाजाबरोबर श्वास घेत राहिली. हळूहळू तिचा श्वास संथ झाला. त्याचा मात्र मध्येच अडकत होता.

"दात का वाजतायत तुझे?"

"नदीचा गारवा आहे."

"मी इथे घामानं निथळतेय आणि तू गारव्याचं सांग मला."

तो हसला. हसू अर्ध्यातच तुटलं. "सॉरी," तो म्हणाला.

पाणी घोट्याच्या वर चढलं तेव्हा वर लोखंडाचा खडखडाट झाला. दारात उजेडाची फट पडली, रुंदावली. युसुफ आणि शेजारची हिबा, दोघांनी वरून हात खाली घातले.

"यल्ला, मॅडम, पकडो."

बाहेर लादीवर बसून तिनं फोन कानाला लावला. "निघाले रे."

"नक्की? दोन्ही पाय बाहेर?"

"दोन्ही."

"बरं," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

घरी येऊन तिनं कपडे बदलले. हिबानं चहा आणून दिला. तो घेताना जीनला आपल्या बोलण्याची लाज वाटू लागली. बिचारा आपली सहल सोडून तिच्याशी बोलत बसला होता. आता निवांत हिंड, हवे तितके दिवस राहा, असं सांगायला तिनं फोन लावला. तो लागेना.

संध्याकाळी निनादचा फोन आला.

"जीन, सापडला तो. आत्ताच ॲम्ब्युलन्समध्ये घातलाय. खूप रक्त गेलंय, पण वाचेल म्हणतात."

"कोण सापडला?"

"विली. दुपारी पुलावरून सायकलसकट खाली गेला. आम्ही सगळे त्यालाच शोधत होतो. नदी एवढी लांब, पूल इतके, आणि त्याचा फोन आधी सारखा बिझी, मग बंदच. मला लावला होता त्यानं, पडल्यापडल्या. कुठल्या पुलाखाली आहे ते सांगतच होता. मध्येच म्हणाला, एक मिनिट थांब, जीनचा फोन येतोय."