सरांचा हात

तारांचा आवाज टिपणारे पहिले दोन पिकअप कौस्तुभला पटले नाहीत. गिटारवर तिसरा बसवत दुकानदार नाडकर्णी म्हणाले, "यातही एका वादकाचा हात उतरवलाय. तार तुम्ही छेडा, सूर त्याच्या हातचा निघेल."

कौस्तुभने तार छेडली. सूर उतरताना कणभर रेंगाळला, तशी त्याने गुरूचं नाव घेताना धरतात तशी चटकन कानाची पाळी धरली. हे रेंगाळणं रेगे सर त्याला सहा वर्षं शिकवत होते.

"पण सर तर हयात आहेत!"

"हात जिवंतपणीच उतरवावा लागतो. मग बोटं लुळी पडतात. सर म्हणाले, शिकवून पोरांना आलं नाही, निदान विकत तरी मिळू दे."

कौस्तुभने कानाची पाळी सोडली.

"हाच द्या," तो म्हणाला. "फक्त ते रेंगाळणं तेवढं काढून टाका."