न ऐकता पाठ झालेली धून

“बाबूजी, उंगली इतनी जोर से मती दबाओ. तार है, चोर थोडी है,” उमाशंकर म्हणाला.

दत्तोपंतांनी गिटारीवरची पकड सैल केली. बोटांची टोकं लाल झाली होती. उभा जन्म बँकेत सह्या करण्यात गेलेला. सत्तरीला टेकल्यावर ही बोटं नव्यानं शाळेत घातली, तर ती चक्क ढ निघाली. उमाशंकरचा क्लास धारच्या बाजारात, मोबाईलच्या दुकानावर. बाकीचे शिष्य कॉलेजातले. दत्तोपंत जिना चढून आले की ती पोरं अदबीनं खुर्ची रिकामी करत, आणि ते वाजवू लागले की तितक्याच अदबीनं बाहेर चहाला जात.

“सीखना क्या है आपको?” उमाशंकरनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“एकच धून. माझ्या मुलीनं बसवलेली.”

“रिकॉर्डिंग है?”

“नाही. गुणगुणून दाखवतो.”

त्यांनी डोळे मिटून अख्खी धून गुणगुणली. एक सूर इकडचा तिकडे झाला नाही. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. आरोही माडीवर वाजवत बसायची तेव्हा ते खालून ओरडायचे, “ती टुणटुण बंद कर!” ती म्हणायची, “बाबा, एकदा तरी बसून ऐका ना.” ते एकदाही बसले नाहीत. न ऐकताच धून पाठ झाली होती.

आरोहीनं देवासच्या शुभंकरशी लग्न केलं, घरात कुणाला न विचारता. जात वेगळी. दत्तोपंतांचे थोरले भाऊ मोरोपंत यांचा शब्द त्या घराण्यात खाली पडत नसे, आणि मोरोपंतांना हे लग्न मान्य नव्हतं. त्यानंतर घरात आरोहीचं उरलं काय, तर बैठकीत चंदनाचा हार घातलेला फोटो आणि कपाटावर धूळ खात पडलेली गिटार.

खलघाटला नर्मदेवर तिचा दहावा झाला तेव्हा कावळा पिंडाला शिवेना. “दत्ता, पोरीची काहीतरी इच्छा राहिलीय. बोल,” मोरोपंत म्हणाले. जमलेल्यांनी हात जोडून आळीपाळीनं नाही नाही ती वचनं दिली. दत्तोपंतांचे ओठ उघडेनात. ऊन डोक्यावर आलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी घरी परतली.

तेव्हापासून दर सर्वपित्रीला तिच्या नावाचं पान वाढलं जाई. या वर्षी मात्र चारुलताबाईंनी वाढता वाढता हातातली पळी खाली ठेवली.

“तिचं पान मी वाढणार नाही. यापुढे कधीच नाही.”

नवऱ्यापुढे आवाज न चढवणारी ती बाई. एवढंच बोलली आणि आत जाऊन ढसाढसा रडली. दुसऱ्या दिवशी दत्तोपंतांनी स्टूल घेतलं आणि कपाटावरची गिटार खाली काढली.

थंडी सरत आली तशी धून बोटांत उतरली. उतरली म्हणजे कशीबशी. वाटेत दोन ठिकाणी ठेच लागायचीच. एके दुपारी जेवताना ते बायकोला म्हणाले, “रविवारी देवासला जावं म्हणतो. शुभंकरकडे. दारात बसून वाजवीन.”

“आणि दार उघडलंच नाही तर?”

“तर वाजवून परत येईन.”

“तुम्ही कसे वागलात ते त्या घराला ठाऊक आहे हो.”

“म्हणूनच जायचं.”

“भावोजींना कळलं म्हणजे?”

“कळू दे.”

बोलून गेले खरे, पण पुढचा घास त्यांनी ताटातच ठेवला. त्या दारातून हाकललं गेलं, तर उरलेले दिवस कोणत्या तोंडानं काढायचे, या विचारानं ते मनातून पार घाबरले होते.

रविवारी चारुलताबाई त्यांच्या आधी चपला घालून तयार. हातात बेसनाच्या लाडवांचा डबा. “एकटे गेलात तर घाबरून विसराल सगळं,” त्या म्हणाल्या. दत्तोपंतांनी कुलूप लावलं.

इंदूरला बस बदलली. गिटार मांडीवर उभी धरलेली पाहून कंडक्टर म्हणाला, “बाबूजी, एक गाना हो जाए!” दत्तोपंतांनी नुसती मान हलवली. चारुलताबाई साऱ्या वाटेत खिडकीबाहेर बघत होत्या.

देवासला टेकडीखालच्या एका गल्लीत रिक्षा थांबली. पाटीवर शुभंकरचं नाव होतं. दार बंद. दत्तोपंतांनी घंटी वाजवली नाही. ते पायरीवर बसले, गिटार मांडीवर घेतली आणि सुरुवात केली.

पहिल्याच ओळीत चुकले. पुन्हा सुरू केलं. समोरच्या गच्चीत कपडे वाळत घालणारी एक बाई थबकून बघू लागली. धून उताराला लागली तसा हात अडखळला, सूर भलतीकडेच गेला. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. चारुलताबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. त्यांनी हळूच नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

तिसऱ्यांदा दत्तोपंतांनी डोळे मिटून घेतले. ऐकणाऱ्याला ती फार सुरेल वाटली नसती, पण धून शेवटपर्यंत गेली.

मग आतून कडी सरकल्याचा आवाज आला आणि दार साखळीपुरतं उघडलं.

“बाबा, तुम्ही नर्मदेवर माझे पिंड ठेवलेत ना, त्या दिवशी मी इथंच आत पोळ्या लाटत होते,” आरोही म्हणाली, आणि तिनं साखळी काढली.