जागेवर उभं राहून

पाटीत एकशे बेचाळीस मोबाइल होते. प्रत्येकाच्या पाठीवर मालकाच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली. खुशालराव आपल्या घराच्या ओसरीवर पंख्याखाली खुर्ची टाकून बसले होते. सप्ताह समितीचे सचिव देवीदास खाली सतरंजीवर. एकेक मोबाइल उचलायचा, बटण दाबायचं, परत पाटीत ठेवायचा.

"मजकूर सर्वायचा एकच टाक," खुशालरावांनी बजावलं. "'इथे कीर्तन होते.' बस. लोकायच्या मनानं लिहू देलं तं कोणी काहीबी लिहीन."

अकोल्याचं ऊन पंचेचाळीसच्या पुढे गेलं होतं. कापसाच्या जुन्या जिनिंग कारखान्यामागचं मैदान ओसरीपासून दहा मिनिटांवर. शहराचा नवा आराखडा होत होता आणि या खेपेला तो लोकांना विचारून करायचं ठरलं होतं. त्यासाठी मोबाइलवर नकाशा आला होता. जी जागा तुम्ही वापरता तिथे जायचं, बटण दाबायचं, तिथे काय करता ते लिहायचं. नकाशावर तुमचा ठिपका उमटतो. ज्या मैदानात किंवा त्याला लागून पंधरा दिवसांत पंचवीस ठिपके पडणार नाहीत, ते रिकामं धरून वाहनतळाला जाणार होतं. मग बावीस वर्षं तिथेच होणारा कीर्तनाचा सप्ताह बसवायचा कुठे?

हे सगळं सांगायला दीक्षा आली होती. आराखड्याच्या कामावरची इंजिनिअर, अमरावतीला शिकलेली, मैदानाच्या भिंतीपलीकडच्या वस्तीतली. "काका, जागेवर उभं राहूनच दाबायचं बरं," तिने दोनदा सांगितलं. खुशालरावांनी दोनदा जांभई दिली. मैदानाचं काय करायचं हे गल्लीतल्या प्रत्येक बाईमाणसाला विचारायचं, याचंच त्यांना हसू येत होतं. विचारायचं तर समितीला विचारावं. आणि समिती म्हणजे खुशालराव. सप्ताहात ते पहिल्या रांगेत तक्क्याला टेकून बसत आणि दुसऱ्या अभंगाला झोपत. बुवा दरवर्षी सांगत, देव गाणाऱ्याच्या आधी ऐकणाऱ्यापाशी येऊन बसतो. खुशालरावांची मान तेव्हा डोलत असे, ती पेंगेनं.

"पोरगी लोकायले उन्हात उभं करून राहिली," ते देवीदासला म्हणाले. "चार बुकं शिकली तं आमालेच कीर्तनाची जागा दाखवते. त्यायच्या वस्तीतल्या एकाचं तरी पाऊल पडलं काय कधी मंडपात?"

पडलं नव्हतं हे खरं. कोणी बोलावलंच नव्हतं. उलट पाच वर्षांपूर्वी खुशालरावांनीच भोंग्याचं तोंड वस्तीकडून फिरवून बाजाराकडे करायला लावलं होतं. तिकडे आवाज फुकट जातो, असं त्यांचं म्हणणं.

फाटक वाजलं. दीक्षाची आजी, इंदूबाई, पायरीखाली येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात नातीनं दिलेला जुना मोबाइल.

"आमचेबी मोबाइल टाकाचे काय जी पाटीत? मैदानासाठी?"

"तुमचं काय काम त्या मैदानात?"

इंदूबाईनं क्षणभर पाटीकडे पाहिलं. "तुमी इथूनच दाबून राहिले?"

"मंग काय उन्हात नाचू?"

"नाई जी," असं म्हणून ती निघाली. पण घराकडे गेली नाही. सूर्य डोक्यावर असताना मैदानाच्या वाटेनं वळली.

"पाहून घे," खुशालराव देवीदासला म्हणाले. "सावली सोडून उन्हात चालली. अशायले विचारून शहर बांधणार आहेत."

देवीदास हसले आणि त्र्याण्णवावा मोबाइल उचलला.

पंधरा दिवसांनी शाळेच्या सभागृहात सुनावणी झाली. खुशालराव धुतलेली टोपी घालून पहिल्या रांगेत बसले. समोर पडद्यावर प्रभागाचा नकाशा. दीक्षानं तो मोठा केला. एका घरावर ठिपक्यांची एवढी दाटी झाली होती की छप्पर दिसेना.

"एकशे बेचाळीस नोंदी," आराखड्याचे अधिकारी म्हणाले. "सगळ्यांचं वाक्य एकच. 'इथे कीर्तन होते.' घर कोणाचं? एवढे लोक जमत असतील तर हे सार्वजनिक सभागृहासाठी आरक्षित करावं लागेल."

मागे कोणी तरी खुदकन हसलं. मग सभागृहच हसलं.

"अहो, ते मैदानाचं आहे," खुशालराव उठून म्हणाले. "दाबलं फक्त घरून."

"मग मैदानाचं कसं धरू? तिथे तर तुम्ही उभेच राहिला नाहीत."

अधिकाऱ्यांनी कागदावर रेघ मारली. एकशे बेचाळीस ठिपके एका रेघेत गेले. खुशालराव खुर्चीचा हात धरून बसले.

"म्हणजे मैदान गेलं?"

"नाही. तिथे एकतीस ठिपके आहेत. राहील मैदान."

दीक्षानं मैदान पडद्यावर आणलं. मंडपाच्या जागी एकही ठिपका नव्हता. मागच्या भिंतीला लागून, बाहेरच्या अंगानं, एका ओळीत एकतीस ठिपके होते. एकाचाही मजकूर दुसऱ्यासारखा नव्हता.

"भिंतीच्या बाहेर?" खुशालराव म्हणाले. "तिथं कोण बसते?"

शेवटच्या रांगेत इंदूबाईनं पदर सावरला. दीक्षानं आजीकडे न पाहता पहिली नोंद उघडली आणि लिहिलं होतं तसंच वाचलं.

"बावीस वर्सं झाले, सातही दिवस इथं बसून कीर्तन ऐकतो. भोंगा तिकडं फिरवला तवापासून भिंतीले कान लावून बसा लागते."