संगमावरची वाळू

दुकानातली रंगीत वाळू पाण्यात रंग सोडते, म्हणून भालचंद्ररावांनी माशांच्या टाकीसाठी काळी वाळू नदीच्या संगमावरून आणली. दहा पाण्यांनी धुतली, तळव्यावर चोळून पाहिली. कुठे टोचत नव्हती. तळाशी तोंड खुपसणाऱ्या माशांच्या नाजूक मिशा सोलवटायला नकोत. "अहो, खाली काळं असलं की मासे बुजत नाहीत," शालन म्हणायची. टाकी तिची, मासेही तिचेच. ती तेवढी राहिली नव्हती.

माशांच्या दुकानदाराने सांगितलेली शेवटची परीक्षा म्हणून त्यांनी बशीतल्या चिमूटभर वाळूवर व्हिनेगरचा थेंब सोडला. बारीक फेस चुरचुरत वर आला. त्यांनी माशांच्या दुकानात फोन लावला.

"चुरचुरली? टाकीत घालू नका काका, पाणी बिघडेल. शिंपला असेल, नाहीतर हाडांचा चुरा. आणलीत कुठून?"

भालचंद्ररावांची नजर बशीवर गेली. चैत्रात त्याच संगमावर, गुडघाभर पाण्यात उभं राहून, त्यांनी शालनच्या अस्थींचं मडकं रितं केलं होतं.

दुकानदार "हॅलो, हॅलो" करत राहिला. त्यांनी फोन बाजूला ठेवला, बशी कानाशी धरली आणि दुसरा थेंब सोडला.

"बोल," ते म्हणाले.