नैऋत्येची खोली

वासुदेवन नंबुद्री फाटकातून आत शिरले, तसा सेतुमाधवन लगबगीने पुढे झाला आणि त्यांना फणसाच्या झाडाआड घेऊन गेला. घराची जागा बघायची असो की विहिरीचं ठिकाण ठरवायचं असो, ओट्टपालमच्या आसपास त्यांचाच शब्द चाले. लहानथोर सगळेच त्यांना तिरुमेनी म्हणत.

"तिरुमेनी, एक विनंती होती," सेतुमाधवन खालच्या आवाजात म्हणाला. "नैऋत्येच्या खोलीत अम्मा झोपते. ती खोली घरातल्या कर्त्याची, असं शास्त्रच सांगतं ना? विधवा बाईनं तिथं झोपणं घराला बरं नाही, एवढं तुमच्या तोंडून आलं तर..."

"आणि तिनं कुठं झोपायचं?"

"अंगणातलं भाताचं कोठार नीट करून घेतलंय. नव्या फरशा, पंखा, मागे न्हाणी. मुली मोठ्या झाल्या, घर पुरत नाही. प्रसन्ना रोज म्हणते..." बायकोचं नाव पुढे केलं आणि त्याचं त्यालाच कसंसं झालं.

"घरातलं सगळ्यात वडील माणूस नैऋत्येला झोपतं," तिरुमेनी म्हणाले. "तुझी आई आहे तिथं बरोबर आहे. नसलेला दोष मी सांगत नसतो."

ते तडक घरात गेले. आईच्या खोलीत उभं राहून त्यांनी मोजायच्या टेपचं टोक खिडकीतून बाहेर सोडलं आणि सेतुमाधवनला मागच्या बाजूला जाऊन ते धरायला सांगितलं. तो भिंतीला लागून, खिडकीच्या खाली उभा राहिला.

आतून आईचा आवाज आला.

"सेतू कुठं गेला?"

"टेप धरायला मागे गेलाय."

"मग पटकन सांगते. या खोलीत दोष आहे, असं म्हणा, तिरुमेनी. मी इथं राहू नये, असं सांगा."

"देवयानीअम्मा, या खोलीत काहीही दोष नाही."

"ते मला ठाऊक आहे. पण पोराच्या घशाखाली घास उतरत नाही हो. काहीतरी बोलायला म्हणून येतो, दाराशी उभा राहतो आणि गोळी घेतलीस का, एवढं विचारून परत जातो." ती थोडं थांबली. "कोठाराला पंखा बसवला त्यानं. भाताला कुणी पंखा लावतं का?"

आतून टेप किंचित ताणली गेली. आईच पुढे बोलली.

"तुम्ही सांगितलंत की शास्त्रानं सांगितल्यासारखं होईल. त्याच्यावर काही येणार नाही. नाहीतर आज ना उद्या तो बोलेलच. आणि त्याच्या तोंडून ते ऐकायचं नाही मला."

सेतुमाधवनच्या हातातली टेप सैल पडली. तिरुमेनींनी खिडकीतून वाकून खाली पाहिलं. दोघांची नजर भिडली. तिरुमेनी तसेच वाकून राहिले, तो काय बोलतो याची वाट बघत. आत आई म्हणाली, "काय झालं?"

सेतुमाधवनने मान खाली घातली.

तिरुमेनींनी टेप हळूहळू आत ओढून घेतली.

ओसरीवर प्रसन्नाने ताक आणून ठेवलं होतं. तिरुमेनी बसले नाहीत. अंगणाकडे बघत ते म्हणाले, "दोष आहे. देवयानीअम्मांनी त्या खोलीत झोपू नये."

"म्हणजे कसला दोष?" प्रसन्नाने विचारलं.

"सांगण्यासारखा नाही."

ताकाला हात न लावता ते पायऱ्या उतरले. सेतुमाधवन फाटकापर्यंत मागोमाग गेला. तिरुमेनींनी वळून पाहिलं नाही.

तो परतला तेव्हा आई कुंपणाशी उभी राहून शेजारच्या कल्याणीशी बोलत होती. आवाज नेहमीपेक्षा जरा मोठाच होता.

"अगं, सेतू नकोच म्हणत होता. अम्मा कुठंही जाणार नाही, म्हणून अडून बसला होता. मीच त्याला गप्प केलं. शास्त्रापुढे आपण काय बोलणार? आणि जायचं कुठं लांब आहे, इथंच तर अंगणात."

"हल्ली एवढं आईसाठी भांडतंय कोण," कल्याणी म्हणाली आणि सेतुमाधवनकडे कौतुकाने पाहून हसली. "पुण्यवान आहात, अम्मा."

तो घाईघाईने आत गेला. आईने आपलं सामान आधीच पलंगावर बांधून ठेवलेलं होतं. नेसायच्या पांढऱ्या मुंडूंची चळत, औषधांचा डबा, भिंतीवरून उतरवलेला वडिलांचा फोटो. फोटो होता तिथं भिंतीचा मूळचा निळा रंग चौकोनी उठून दिसत होता. गाठोडं प्रसन्नाने नेलं. पलंग राहिला.

तो एक बाजू उचलून बघत होता, तोवर आई आली आणि दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"जड आहे, अम्मा. तुला झेपणार नाही." त्याला खरं तर दुसरंच काही बोलायचं होतं.

"उचल."

त्याने उचलला. तिनेही उचलला. दार अरुंद, म्हणून त्याला पाठमोरं चालावं लागत होतं आणि आई समोरून, पलंगाच्या त्या टोकाला, अगदी त्याच्याकडे तोंड करून येत होती. तिच्या कपाळावर घाम आला होता. हाताच्या शिरा टरारल्या होत्या. त्याने नजर पलंगाच्या लाकडावर खिळवून ठेवली. तो रडत होता आणि डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.

ओसरीच्या कडेला तो अडखळला.

"मागे पायरी आहे, सेतू," आई म्हणाली. "सावकाश."